झोपायचे पैसे कसले?

“अगं, बाळ रात्रभर झोपलं, मावशीही झोपल्या. मग झोपायचे पैसे कसले द्यायचे?”

हे वाक्य एखाद्या बंगलेवाल्या बाईचे असते तर मी हा लेख लिहिला नसता. अशा बायकांविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांनी ते कधी वाचलेले नाही. हे वाक्य माझ्या मैत्रिणीचे आहे. ती या अंकाची वर्गणीदार आहे. घरकामगार नोंदणीच्या शिबिरांत एकाच टेबलामागे बसून आम्ही दोघींनी फॉर्म भरून घेतले आहेत. आठ मार्चच्या मोर्चासाठी ‘घरकाम हेही काम आहे’ हा फलक आम्ही मिळून केला, आणि त्यातला ‘काम’ हा शब्द तिने रंगवला, कारण तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले. तिला सांगून, नाव न देता लिहिते आहे. “लिही, पण माझी बाजूही लिही,” असे ती म्हणाली. ती लिहिणार आहे.

झाले ते असे. तिला मुलगी झाली, सिझेरियनने. आई नाही, सासूबाई गावी अंथरुणाला खिळलेल्या. सुरुवातीचे काही महिने रात्रीला बाई हवी होती, म्हणून पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका मावशींना मीच गाठून दिले. वय पन्नाशीच्या आसपास. वीस-बावीस वर्षे बाळंतिणी आणि तान्ही मुले एवढेच काम केलेल्या. रात्री आठ ते सकाळी आठ, महिना पंधरा हजार असे तोंडी ठरले. पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात मुलगी अधूनमधून रात्रभर सलग झोपू लागली. महिनाअखेरीला मावशींच्या हातात साडेतेरा हजार आले. सहा रात्री बाळ उठलेच नाही, म्हणून त्या सहा रात्रींचे अर्धे पैसे, म्हणजे प्रत्येकी अडीचशे, कापले होते.

मावशी तिच्याशी भांडल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “ताई, पोरगी झोपाय लागली ती कुणामुळं?”

या प्रश्नापाशी जरा थांबू या. सुरुवातीला ती मुलगी दर दीड-दोन तासांनी उठायची, पोटात वात धरून तासन् तास रडायची. दूध पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर निघेपर्यंत थांबायचे, पोटावर हिंगाचा लेप लावायचा, पाय पोटाशी दुमडून सोडायचे, दिवा मंद ठेवायचा, रात्री बाळाशी खेळायचे नाही म्हणजे त्याला रात्र कळते. हे सगळे मावशींनी केले. कारखान्यात कामगाराच्या कौशल्याने काम लवकर उरकले तर मालक निदान तेवढाच पगार देतो. इथे बाईने आपले काम इतके चोख केले की बाळ शांत झोपले, आणि त्याबद्दल तिला दंड झाला. बाळ रात्रभर किंचाळत ठेवले असते तर तिला पूर्ण पगार मिळाला असता!

आता त्या ‘झोपे’विषयी. मी मावशींना एका रात्रीचा हिशेब विचारला. त्या संध्याकाळी सव्वासहाला घरून निघतात. स्वतःच्या घरचा स्वयंपाक तोवर करून ठेवलेला असतो. दोन बस बदलून आठच्या आत पोचायचे. हातपाय धुऊन घरून आणलेले दुसरे लुगडे नेसायचे, कारण बसमधल्या कपड्यांनी बाळाला घ्यायचे नाही. मग बाटल्या उकळायच्या, दिवसभराच्या दुपट्यांच्या घड्या घालायच्या, बाळाला पुसून, लंगोट बदलून आईकडे द्यायचे. दहा-साडेदहाला घरातले झोपतात. मावशींची गादी पाळण्याला लागून जमिनीवर. अकराला, दीडला, साडेतीनला, पाचला अशी उठण्याची वेळ. मधल्या काळात त्या पडलेल्या असतात. आईला टाक्यांमुळे उठवत नाही, तिला बाथरूमपर्यंत धरून न्यायचे तेही मध्येच येते. सहाला तेल-मालीश, सातला अंघोळ, धुरी, मग लंगोट आणि दुपटी धुऊन वाळत घालायची. आठला निघायचे.

“पडलेली असते म्हणजे झोपलेली असते का?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “कान उघडा ठिवून पडती. बाळ चुळबूळ करायच्या आधी मला जाग येती. घरी गेल्यावर ढोल वाजला तरी येत न्हाई.”

ही जी उघड्या कानाची झोप आहे ती कुणाची आहे? तिची नाही. त्या घराने ती विकत घेतलेली आहे. त्या वेळेत ती आपल्या घरी जाऊ शकत नाही, आपल्या नातवाला कुशीत घेऊ शकत नाही, गोळी घेऊन गाढ झोपू शकत नाही, आजारी पडू शकत नाही. मग ती वेळ तिची कशी?

इतरांच्या बाबतीत आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही, याची मला गंमत वाटते. माझ्या मैत्रिणीच्या इमारतीत रात्रीचा वॉचमन आहे. दोन वाजता तो खुर्चीत मान टाकून घोरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. महिनाअखेरीला चोर आला नाही म्हणून सोसायटीने त्याचा पगार कापल्याचे कुणी ऐकले आहे काय? अग्निशमन दलाच्या जवानाला आग न लागलेल्या रात्रीचाही पगार मिळतो, आणि मिळायलाच हवा. रुग्णालयात रात्रपाळीच्या खोलीत डॉक्टर पडून राहतो तेव्हा तो ‘ड्यूटीवर’ असतो. युरोपात हा वाद कोर्टात गेला होता. स्पेन आणि जर्मनीतल्या डॉक्टरांच्या खटल्यांत २००० आणि २००३ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की कामाच्या जागी हजर राहावे लागत असेल तर डॉक्टर झोपला असला तरी तो सगळा वेळ कामाचाच. अमेरिकेत केंद्र सरकारचा नियम असा की चोवीस तासांहून कमी वेळाच्या पाळीत कामगाराला झोपू दिले तरी पूर्ण पाळी कामाचे तास म्हणून मोजायची.

उलट निकालही आहेत, ते लपवायचे कारण नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये काळजीवाहू कामगारांच्या विरोधात निकाल दिला. दोन अपंग व्यक्तींच्या घरी रात्री झोपायला राहणाऱ्या एका बाईने नऊ तासांचे किमान वेतन मागितले होते. तिला त्या अख्ख्या रात्रीचे एकोणतीस पौंडांच्या आसपास मिळत. न्यायालयाने सांगितले की झोपेच्या वेळेला किमान वेतन नाही, कामासाठी जागी असेल तेवढ्याच वेळेला. माझी मैत्रीण आणि ब्रिटनचे न्यायमूर्ती यांचे इथे एकमत झाले म्हणायचे. पण डॉक्टर पडला तर ती पाळी आणि बाई पडली तर तो आराम, हा भेद झोपेच्या शास्त्रातून आलेला नाही. बाई रात्री मूल सांभाळते हे काम आहे असे जगाला कधी वाटलेच नाही. आई ते फुकट करते, मग दुसरीने पैसे कशाला मागावेत? आपण ज्या समजुतीशी पन्नास वर्षे भांडलो, तीच समजूत आता आपण पगार कापताना वापरतो आहोत.

बरे, कापले नसते तरी पंधरा हजार ही रक्कम काय आहे? तीस रात्री, रोज बारा तास, म्हणजे तीनशे साठ तास. तासाला एक्केचाळीस रुपये सहासष्ट पैसे पडतात. त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईला रोजच्या पाऊण तासाचे महिना दीड हजार मिळतात. म्हणजे साडेबावीस तासांचे दीड हजार, तासाला सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे. भांडी घासण्याचा दर मला मुळीच जास्त वाटत नाही. पण कढई घासायला सहासष्ट आणि दोन महिन्यांचा जीव रात्री सांभाळायला एक्केचाळीस, हे गणित कोणत्या वहीतले?

मला वाटते याचे एक कारण आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, रजा या गोष्टी भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मागायला बाया तेव्हा शिकल्या. पण दर ठरले ते कामावर. भांड्यांचे इतके, धुण्याचे इतके, केर-फरशीचे इतके, माणशी पोळ्यांचे इतके. जे मोजता येते त्याचा भाव हळूहळू का होईना वाढत गेला. रात्र मोजायची कशी? तिच्यात बादल्या नाहीत, खोल्या नाहीत. तेव्हा रात्रभर राहणाऱ्या बाया थोड्या होत्या. नव्या बाळंतिणीजवळ आजी, मावशी, आत्या असत. आज सिंहगड रस्त्यापासून हिंजवडीपर्यंतच्या सोसायट्यांत नवरा-बायको दोघेच असतात आणि ‘रात्रीची बाई’, ‘बारा तासांची’, ‘चोवीस तासांची’ हे शब्द सर्रास झाले आहेत. काम वाढले. त्याचे माप मात्र आपण ठरवले नाही, म्हणून ते ब्युरोवाल्याने ठरवले.

या ब्युरोंवर वेगळा लेख लिहावा लागेल. घराकडून नोंदणीची फी घ्यायची आणि बाईच्या पगारातूनही महिन्याला कापायचे, अशी दोन्हीकडून कमाई. बाईचे आधारकार्ड, फोटो, पोलीस पडताळणी सगळे मागायचे. ज्या घरी तिला रात्री पाठवायचे त्या घरातल्या पुरुषांची पडताळणी कुणी करते का? फॉर्मवर जातीचा रकाना नसतो. आडनाव पुरते. एका ब्युरोच्या बाईने मला सरळ सांगितले, “मॅडम, बाळाला हात लावायचा असतो ना, पार्टी विचारते.” एकेकाळी बाळंतपण करणे आणि नाळ कापणे हे ‘विटाळाचे’ काम म्हणून दलित बायकांच्या माथी होते. आता तेच काम बंद फ्लॅटमध्ये पैसे देऊन करवून घेताना आडनाव विचारले जाते.

कायद्याकडे वळले तर तिथेही घराचा दरवाजा बंदच आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणीच्या रांगा आपण लावल्या, पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या बायकांना दहा हजारांचे सन्मानधन मिळावे म्हणून खेटे घातले. पण तो कल्याणाचा कायदा. पगार किती आणि तास किती याला त्याने हात लावला नाही. कर्नाटक, केरळ, राजस्थान, तामिळनाडू यांनी घरकामाला किमान वेतन ठरवून दिले. कर्नाटकाला ते २००४ सालीच जमले. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला अजून जमलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट वगळली. त्याआधी २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांना कायद्याचे संरक्षण नाही याकडे बोट दाखवले होते आणि समिती नेमून कायद्याचा विचार करा असे केंद्राला सांगितले होते. संसदेत या विषयावरची विधेयके १९५९ पासून येत आणि विरत आली आहेत.

गंमत अशी की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घर हे ‘कामाचे ठिकाण’ मानलेले आहे. म्हणजे मावशींचा कुणी हात धरला तर ते घर कामाचे ठिकाण, आणि पगार मागितला तर तेच घर ‘कुटुंब’! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ संमत केला. त्याच्या दहाव्या कलमात आपला हाच मुद्दा आहे: कामगाराला आपला वेळ मनाप्रमाणे वापरता येत नसेल आणि हाक येईल म्हणून घराच्या दिमतीला राहावे लागत असेल, तर तो वेळ कामाचे तास धरावा, किती प्रमाणात ते देशाच्या कायद्याने ठरवावे. भारताने बाजूने मत दिले. करारावर शिक्कामोर्तब मात्र केले नाही. माझ्या मैत्रिणीने फलक रंगवला आणि पगार कापला, त्याहून हे निराळे कुठे आहे?

आता तिची बाजू.

ती म्हणाली, “तू बोलतेस ते बरोबर. पण माझा पगार बत्तीस हजार आहे. संस्थेने तीन महिन्यांची रजा दिली तीही अर्ध्या पगारावर. मावशींना पंधरा दिले की माझ्या हातात हजार उरतो. मी काय मालकीण आहे का?”

तिचे हे म्हणणे मी उडवून लावत नाही. मोठ्या आस्थापनांतल्या बायकांना २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आहे. आपल्या स्वयंसेवी संस्थांत निधी नाही म्हणून ती कशी टाळली जाते ते आपण सगळ्या जाणतो. पण तिच्या बोलण्यातला एक शब्द मला खटकला. ‘माझ्या हातात हजार उरतो.’ मावशींचा पगार तिच्या पगारातून का वजा होतो? मूल दोघांचे. नवऱ्याला महिना साठ हजार मिळतात. त्याच्या पगारातून गाडीचा हप्ता जातो, घराचा हप्ता जातो. रात्रीची बाई मात्र ‘हिच्या’ खर्चात, कारण बाळासाठी रात्री उठणे हे मुळात ‘हिचे’ काम, आणि ते दुसऱ्या बाईवर सोपवायचे तर तिने आपल्या पैशाने सोपवावे! रात्रीच्या बाईचा दर कधीच वर जात नाही, याचे मूळ मला इथे दिसते. तो दर बाळाच्या आईच्या पगाराखाली दबलेला असतो. आईचा पगार आधीच कमी. त्याच्याही खाली जे उरेल ते मावशीचे. दोन बायका एकमेकींच्या ताटात बघत बसतात, आणि साठ हजारवाला गृहस्थ पलीकडच्या खोलीत दार लावून झोपतो, कारण ‘उद्या ऑफिस आहे’. ऑफिस त्या दोघींनाही आहे. एक तर त्या क्षणी ऑफिसातच आहे.

मी तिला विचारले, आठवड्यातल्या दोन रात्री तो का उठत नाही? बाटली त्याला धरता येत नाही की लंगोट बदलता येत नाही? परवडत नसेल तर मावशींच्या तीस रात्रींऐवजी वीस रात्री घे आणि त्या वीस रात्रींचे नीट पैसे दे. बाकीच्या दहा रात्री बाळाच्या बापाच्या. यावर ती हसली आणि म्हणाली, “त्याला सांगून बघते.” ‘सांगून बघते’ हे शब्द आपण समुपदेशनाच्या खोलीत किती बायकांच्या तोंडून ऐकले असतील!

तिचा दुसरा मुद्दा असा की मावशींना कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांना परवडते म्हणून त्या येतात. हा युक्तिवाद आपण गिरणीमालकांच्या तोंडी ऐकत मोठ्या झालो. परवडते म्हणजे काय, ते मावशींच्या खोलीत दुपारी जाऊन बघावे. मी गेले होते. पत्र्याची दहा बाय दहाची खोली, एप्रिल महिना. सकाळी साडेनऊला पोचतात, पाणी भरून ठेवतात, सून कामावर गेलेली असते म्हणून नातवाला शाळेचे आवरून देतात. अकराला आडव्या होतात. शेजारी टीव्ही, बाहेर भांडण, डोक्यावर तापलेला पत्रा. तीनला नातू परत येतो. चार तास झोप झाली तर नशीब. असे वीस वर्षे चालले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचे काम कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातले आणि २०१९ मध्ये ते पुन्हा तपासून कायम ठेवले. मावशींना रक्तदाब आहे, साखर आहे. वीस वर्षांच्या रात्रींची भरपाई म्हणून पंचावन्नव्या वर्षी सन्मानधन मिळेल ते दहा हजार, एकदाच.

तिसरा मुद्दा तिने काढला तो प्रेमाचा. “मावशी आमच्या घरच्याच आहेत. बारशाला मी त्यांना साडी घेतली, आईच्या जागी मानते मी त्यांना.” यात खोटे काही नाही, त्या दोघींचा जीव एकमेकींवर आहे हे मी पाहिले आहे. पण घरच्या माणसाचे अडीचशे रुपये कुणी कापते का? ‘मावशी’ हा शब्द फार सोयीचा आहे. पगार द्यायच्या वेळी त्या कामवाल्या, आणि जास्त थांबवायच्या वेळी मावशी. दूध पाजणाऱ्या, मूल वाढवणाऱ्या बाईचे आपण गोडवे फार गातो. कापूरव्होळच्या धाराऊचे नाव आपण आदराने घेतो. पन्ना दाईची गोष्ट शाळेत ऐकून आपले डोळे भरले. लक्षात घ्या, पन्ना दाई थोर ठरली ती राजाचे मूल वाचवण्यासाठी स्वतःचे मूल दिल्यामुळे. दाईकडून आपली अपेक्षा आजही तीच आहे, थोड्या सौम्य प्रमाणात. तिचा नातू रात्री तापाने फणफणला तरी तिने आपल्या पाळण्याशी असावे आणि त्याचा विषय काढू नये.

मीही यातून सुटलेली नाही. माझ्या मुलाच्या वेळी दोन महिने रात्रीच्या बाई होत्या. त्यांना किती तासांचे किती दिले, हे मी आज आठवून काढले तेव्हा लाज वाटली. त्यांनी रात्री काय खाल्ले, हे तर मला आठवतही नाही.

म्हणून आता माप ठरवू या. माझा हिशेब असा आहे, तो चुकत असेल तर दाखवून द्या. बारा तास म्हणजे बारा तास, बाळ उठो न उठो. तासाचा दर त्या घरात दिवसाच्या कामाला जो पडतो त्याहून कमी नसावा. वरच्या उदाहरणात सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने रोजची मर्यादा नऊ तास घातली होती आणि वरच्या वेळेला दुप्पट दर. (२०२५ मध्ये सरकारने ती मर्यादा दहा तासांवर न्यायचे ठरवले. आपण त्या वाटेने जायचे काही कारण नाही.) नऊ तास साधे आणि तीन तास दुप्पट, म्हणजे पंधरा तासांचा मोबदला. एका रात्रीचे बरोबर हजार रुपये होतात. आठवड्याची एक पगारी सुटी धरून महिन्याचे तीस हजार. आज दिले जातात त्याच्या दुप्पट. आकडा ऐकून तुम्ही दचकलात ना? मीही दचकले होते. पण या हिशेबात मी रात्रीचा जादा भत्ता धरलेला नाही, अनुभवाचे काही धरलेले नाही. भांडी घासण्याच्या दराने रात्र मोजली, एवढेच केले.

त्याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, संरक्षण हवे आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवे. हिंजवडीच्या कंपनीतून रात्री परतणाऱ्या मुलीला गाडी सोडायला येते, ती गाडी मिळावी म्हणून बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला होता. त्याच मुलीचे बाळ सांभाळायला येणारी मावशी दोन बस बदलून येते. तिचे रिक्षाभाडे कुणाच्या मागणीपत्रात आहे? घरच्यांनी एखाद्या रात्री “आज नको” म्हटले तर त्या रात्रीचा पगार बुडता कामा नये, कारण ती रात्र तिने दुसऱ्या कुणाला विकलेली नाही. निजायला गादी, जेवायला ताजे अन्न, घरातलेच संडास-बाथरूम, आणि पाळण्यावर कॅमेरा असेल तर तो आहे हे तिला आधी सांगणे, यावर चर्चाही करावी लागू नये; पण लागते. ब्युरोची दलाली घराने द्यावी, बाईच्या पगारातून एक पैसाही जाऊ नये. आणि जी ‘चोवीस तासांची’ म्हणून महिनोन्महिने एका घरात राहते, तिला सलग आठ तास दार लावून झोपता आलेच पाहिजे. त्या आठ तासांत पाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची. हे सगळे एका कागदावर लिहून दोघींनी सही करायची. तोंडी ठरवलेले महिनाअखेरीला कसे आठवते ते आपण पाहिले.

“मग आपल्यापैकी कुणालाच रात्रीची बाई ठेवता येणार नाही,” असे आमच्या गटातली एक जण म्हणाली. कदाचित नाही येणार. मग प्रसूतिरजा, बापाची रजा, वस्तीत आणि सोसायटीत पाळणाघरे यांसाठी आपल्याला पुन्हा रस्त्यावर यावे लागेल. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस पितृत्वरजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. हा मुद्दा आपल्या पत्रकांतून केव्हा गळाला? आपल्या घरातली अडचण स्वस्त बाईने भागत गेली, म्हणून तो आपल्याला टोचला नाही असे मला वाटते. जी मागणी सरकारकडे करायची ती आपण मावशीच्या पगारातून परस्पर वसूल करून घेतली.

मैत्रिणीने कापलेले दीड हजार परत दिले. मावशींनी ते मोजून घेतले आणि ठरल्यापेक्षा पंधरा दिवस जास्त थांबल्या, कारण मुलीला लस टोचल्यावर ताप येत होता. त्या पंधरा रात्रींचा दर काय लावायचा यावर अजून एकमत झालेले नाही. मैत्रीण पाचशेवर आहे, मी हजारावर. मावशींनी अजून आकडा सांगितलेला नाही. दराचा कच्चा कागद घेऊन आम्ही गटाची बैठक बोलावली आहे, तिला वस्तीतल्या रात्रपाळीच्या सात जणी येणार आहेत. नेहमीप्रमाणे ती रविवारी सकाळी अकराला ठेवली होती. मावशींचा निरोप आला, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की अकराला त्या सातही जणी झोपलेल्या असतात. आता ती दुपारी चारला आहे.